स्पर्शातून उपचार : डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांचे जीवन व कार्य

पाठदुखी, मानदुखी, कंबरदुखी ही आज घरोघरीची तक्रार झाली आहे. दिवसभर गादीवर बसून कापडाचे तागे उलगडणारा व्यापारी, शिलाई यंत्रावर वाकलेला कारागीर, संगणकासमोर बसणारी तरुण पिढी आणि स्वयंपाकघरात तासन्‌तास उभी राहणारी गृहिणी, यांपैकी क्वचितच कोणी या दुखण्यातून सुटले असेल. दुखऱ्या जागी आपला हात आपोआप जातो. हाताने दाबणे, चोळणे, ताणणे हा मनुष्याचा बहुधा सर्वांत जुना उपचार असावा. आपल्याकडील हाडवैद्यांची परंपरा याच उपचाराची आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील एका खेड्यातल्या वैद्याने या हस्तोपचाराला शरीररचनेच्या सखोल अभ्यासाची जोड दिली आणि त्यातून ऑस्टिओपॅथी नावाचे नवे उपचारशास्त्र उभे केले. त्यांचे नाव डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल. त्यांचे जीवन दुःख, उपहास, चिकाटी आणि यश यांनी भरलेले आहे. त्या जीवनाचा व त्यांनी दिलेल्या उपचारपद्धतीचा अल्प परिचय सुज्ञ वाचकांस करून द्यावा, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

जन्म व बालपण

अँड्र्यू स्टिल यांचा जन्म ६ ऑगस्ट १८२८ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या ली काउंटीमध्ये झाला. नऊ भावंडांत ते तिसरे. वडील अब्राम स्टिल हे मेथॉडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते आणि वैद्यकीही करीत. नव्याने वसणाऱ्या त्या प्रदेशात डॉक्टर दुर्मीळ असल्याने आत्म्याची आणि देहाची अशी दुहेरी चिंता वाहणारे उपदेशक तेव्हा अनेक ठिकाणी आढळत. वडिलांच्या धर्मकार्यामुळे कुटुंबाला सतत स्थलांतर करावे लागे. १८३४ मध्ये ते टेनेसी राज्यात गेले आणि १८३७ मध्ये मिसुरी राज्यात येऊन राहिले. त्या रानवट भागात शाळा थोड्या आणि शिक्षण तुटपुंजे होते. शिकार हा तेथील लोकांच्या निर्वाहाचा भाग होता. मारलेल्या प्राण्यांचे स्नायू, हाडे व शिरा बालवयातच दृष्टीस पडल्याने देहाच्या रचनेविषयी अँड्र्यू यांच्या मनात कुतूहल जागे झाले.

वयाच्या सुमारे दहाव्या वर्षीची एक घटना त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. त्यांना डोकेदुखीचा त्रास होता. एके दिवशी डोके असह्य दुखू लागले, तेव्हा दोन झाडांमध्ये बांधलेला दोरीचा झोका त्यांनी जमिनीपासून वीतभर उंचीवर आणला, त्यावर घोंगडीची घडी टाकली आणि मान त्या दोरीवर टेकून ते आडवे झाले. थोड्याच वेळात दुखणे शमले व झोप लागली. पुढे कित्येक वर्षे डोकेदुखी सुरू झाली की ते हाच उपाय करीत. मानेच्या मागील भागावर दाब पडल्याने डोके का थांबते, याचे उत्तर त्या मुलाजवळ नव्हते. मात्र हा प्रश्न त्यांच्या मनात रुजला.

वैद्यकी आणि गुलामगिरीविरुद्धचा लढा

१८५३ मध्ये स्टिल कॅन्सस प्रदेशात गेले. तेथे शॉनी या आदिवासी जमातीसाठी चालविल्या जाणाऱ्या धर्मकेंद्रावर त्यांचे वडील नेमलेले होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे वडिलांच्या हाताखाली राहून आणि ग्रंथ वाचून अँड्र्यू यांनी वैद्यकी शिकली. शरीररचना समजून घेण्याच्या ध्यासापायी त्यांनी आदिवासींच्या दफनभूमीतील अस्थीही उकरून काढल्या. ज्ञानाच्या हेतूने केलेले असले तरी हे कृत्य दुसऱ्यांच्या मृतांचा अनादर करणारे होते, हे नमूद केलेच पाहिजे. अस्थींचा अभ्यास त्यांनी इतका केला की डोळे मिटून केवळ स्पर्शाने कोणतेही हाड ओळखण्याची सिद्धी त्यांना प्राप्त झाली.

स्टिल पितापुत्र गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. कॅन्सस हा गुलामगिरी मानणारा प्रदेश व्हावा की स्वतंत्र, यावरून तेथे रक्तपात सुरू झाला होता. अशा वेळी अँड्र्यू स्टिल यांनी निर्भयपणे गुलामगिरीविरोधी बाजू घेतली. १८५७ मध्ये ते कॅन्ससच्या प्रादेशिक विधिमंडळावर निवडून गेले. बाल्डविन या गावी उभ्या राहिलेल्या बेकर विद्यापीठाच्या स्थापनेसही त्यांच्या कुटुंबाने साहाय्य केले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा ते उत्तरेच्या बाजूने सैन्यात दाखल झाले आणि पुढे स्थानिक सैन्यदलात मेजर पदापर्यंत पोहोचले. ऑक्टोबर १८६४ मधील वेस्टपोर्टच्या लढाईत त्यांनी भाग घेतला होता.

एक कुटुंब उद्‌ध्वस्त होते

सार्वजनिक जीवनात मान मिळत असताना घरात मात्र मृत्यू पुन्हा पुन्हा येत होता. १८४९ मध्ये मेरी मार्गारेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. १८५९ मध्ये त्यांचे निधन झाले. १८६० मध्ये मेरी एल्व्हिरा यांच्याशी स्टिल यांचा दुसरा विवाह झाला.

१८६४ च्या सुरुवातीस मेनिन्जायटिस म्हणजे मेंदूच्या व मज्जारज्जूच्या आवरणांना सूज आणणाऱ्या रोगाची साथ आली. या साथीत स्टिल यांच्या घरातील तीन मुले एकापाठोपाठ गेली. बापाने स्वतःची विद्या बाजूला ठेवून इतर डॉक्टरांना बोलावले, धर्मोपदेशकांनी प्रार्थना केल्या, उपलब्ध ती सर्व औषधे दिली गेली. काहीही उपयोग झाला नाही. स्वतः वैद्य असून आपल्या लेकरांना वाचवता आले नाही, हे शल्य त्यांच्या अंतःकरणात जन्मभर राहिले.

त्या काळचे वैद्यक कसे होते, हे लक्षात घेतल्यावाचून स्टिल यांच्या पुढील वाटचालीचा अर्थ कळणार नाही. रोगजंतूंचे ज्ञान तेव्हा झालेले नव्हते. पाऱ्यापासून बनविलेले कॅलोमेल, जहाल रेचके, वांतीची औषधे, अफू आणि मद्य हीच डॉक्टरांची मुख्य आयुधे होती. पाऱ्याने रुग्णांच्या हिरड्या सुजत व दात हलत. अफू आणि मद्य यांमुळे रोगी बरा होण्याऐवजी व्यसनी होई. युद्धकाळात आणि नंतरही स्टिल यांनी अशी अनेक आयुष्ये नासलेली पाहिली. डॉक्टरांच्या सद्‌हेतूविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती, परंतु डॉक्टर अंदाजाने औषधे देतात, असे त्यांचे मत झाले. ज्या विधात्याने देह इतका कौशल्याने घडविला, त्याने त्या देहातच बरे होण्याची शक्तीही ठेवली असली पाहिजे, या विचाराने त्यांना झपाटले. पुढील दहा वर्षे त्यांनी शरीररचनेच्या अभ्यासात घालविली.

नव्या विचाराची घोषणा

२२ जून १८७४ हा दिवस ऑस्टिओपॅथीचा जन्मदिवस मानला जातो. त्या दिवशी सकाळी आपल्या नव्या विचाराची दिशा निश्चित झाली, असे स्टिल यांनी लिहून ठेवले आहे. शरीर हे एकसंध यंत्र आहे. हाडे, सांधे व स्नायू आपापल्या जागी सुस्थितीत असतील तर रक्त आणि मज्जातंतू यांचे कार्य निर्वेध चालते व देह स्वतःच रोगाचा प्रतिकार करतो. रचनेत बिघाड झाला की कार्य बिघडते. वैद्याने तो बिघाड हातांनी शोधून दूर करावा, हे त्यांच्या विचाराचे सार होते.

हा विचार मांडण्याची अनुमती त्यांनी बेकर विद्यापीठाकडे मागितली, परंतु ज्या संस्थेच्या उभारणीस कुटुंबाने हातभार लावला, त्याच संस्थेने त्यांना दार बंद केले. हाताच्या स्पर्शाने रोग बरा करणे हा केवळ ईश्वरी अधिकार आहे, असे मानणाऱ्या धर्मबांधवांनी त्यांना पाखंडी ठरविले. आप्तांपैकीही काहींनी त्यांना वेड लागल्याचे म्हटले. अखेर कॅन्सस सोडून ते मिसुरी राज्यात परतले.

१८७४ च्या शरद ऋतूत मेकन या गावी घडलेला प्रसंग प्रसिद्ध आहे. एक गरीब माता आपल्या मुलांसह रस्त्याने जात होती. तिचा सुमारे चार वर्षांचा मुलगा रक्तातिसाराने आजारी होता. स्टिल यांनी त्याला उचलून घेतले, तेव्हा त्याची पाठ तापलेली आणि पोट मात्र थंड असल्याचे त्यांच्या हातांना जाणवले. त्यांनी कण्याच्या दोन्ही बाजूंचे आखडलेले स्नायू दाबून सैल केले. दुसऱ्या दिवशी मुलगा बरा असल्याचे त्या मातेने येऊन सांगितले. गावात रक्तातिसाराची साथ होती आणि त्यानंतर आणखी अनेक रुग्ण त्यांच्याकडे आणले गेले.

१८७५ मध्ये ते कर्क्सव्हिल या गावी कुटुंबासह स्थायिक झाले. यश मात्र अजून फार दूर होते. टायफॉइडने त्यांना कित्येक महिने अंथरुणाला खिळविले आणि घरात पैशाची चणचण भासू लागली. खांद्यावर हाडांची पिशवी टाकून ते क्लिंटन, हॅनिबल अशा गावोगावी फिरत आणि चौकात उभे राहून शरीराची रचना लोकांना समजावून सांगत. लोक त्यांना हाडे बसविणारा म्हणून ओळखू लागले. पत्नी मेरी एल्व्हिरा यांनी या खडतर काळात घर सांभाळले व पतीवरील विश्वास ढळू दिला नाही. हळूहळू रुग्ण बरे होऊ लागले आणि कीर्ती पसरली. १८८० नंतरच्या दशकात त्यांनी आपल्या पद्धतीस ऑस्टिओपॅथी हे नाव दिले. ग्रीक भाषेतील अस्थी व व्यथा या अर्थांच्या दोन शब्दांपासून ते बनले आहे.

कर्क्सव्हिलची शाळा

एकट्याच्या हातांनी किती रुग्ण तपासणार, या विचाराने स्टिल यांनी १८९२ मध्ये कर्क्सव्हिल येथे अमेरिकन स्कूल ऑफ ऑस्टिओपॅथी या संस्थेची स्थापना केली. दोन खोल्यांच्या साध्या लाकडी इमारतीत, सुमारे वीस विद्यार्थ्यांनिशी शाळेचा आरंभ झाला. पहिल्याच तुकडीत स्त्रियांना प्रवेश देण्यात आला होता, ही गोष्ट त्या काळाचा विचार करता विशेष उल्लेखनीय होय. त्या तुकडीतील जेनेट बोल्स यांनी पुढे संस्थेच्या मासिकाचे संपादन केले आणि डेन्व्हर शहरात ऑस्टिओपॅथीची संस्था उभारली.

शरीररचनाशास्त्राचे पहिले अध्यापक डॉ. विल्यम स्मिथ यांची कथाही मनोवेधक आहे. स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे शिकलेले हे डॉक्टर शस्त्रक्रियेच्या उपकरणांच्या विक्रीनिमित्त कर्क्सव्हिलला आले होते. स्टिल यांची विद्या कितपत खरी आहे हे पाहावे, या साशंक वृत्तीने ते भेटीस गेले आणि चर्चेअंती त्यांचे सहकारी झाले. स्मिथ यांनी शरीररचना शिकवावी आणि स्टिल यांनी त्यांना ऑस्टिओपॅथी शिकवावी, असा विद्येचा विनिमय ठरला. पुढे काही वर्षांतच या संस्थेने त्या काळी अत्यंत नवे असलेले एक्स-रे यंत्रही आणले.

शाळेच्या सनदेनुसार डॉक्टरची रूढ पदवी देता आली असती. स्टिल यांनी मात्र डी.ओ. ही स्वतंत्र पदवी स्वीकारली. रुग्णांनी भरलेल्या आगगाड्या कर्क्सव्हिलला येऊ लागल्या. कुबड्या घेऊन येणाऱ्यांसाठी खाणावळी आणि निवासगृहे उभी राहिली, आणि लहानशा गावाची भरभराट झाली. १८९६ मध्ये व्हर्माँट राज्याने ऑस्टिओपॅथीस कायदेशीर मान्यता दिली आणि १८९७ मध्ये मिसुरीनेही तीच वाट धरली. १९०१ मध्ये सुप्रसिद्ध लेखक मार्क ट्वेन यांनी न्यूयॉर्कच्या विधिमंडळासमोर ऑस्टिओपॅथीच्या बाजूने भाषण केले. स्टिल यांचे आत्मचरित्र १८९७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १८९९ मध्ये त्यांचा ऑस्टिओपॅथीच्या तत्त्वज्ञानावरील ग्रंथ आला.

उपचार कसा असतो

कापडाच्या व्यवसायात असल्यामुळे स्टिल यांचा विचार मला एका साध्या दृष्टान्ताने समजतो. विणलेल्या कापडाचा एकच धागा ओढला गेला की त्याची चुणी दूरपर्यंत पडते. चुणी दिसते एका जागी आणि ओढ असते दुसऱ्याच जागी. शरीराचेही तसेच आहे. कंबर दुखते, पण तिचे कारण नितंबाच्या आखडलेल्या स्नायूत किंवा चालण्याच्या चुकीच्या सवयीत असू शकते. म्हणून ऑस्टिओपॅथ प्रथम रुग्णाची हकीकत ऐकतो, त्याचे उभे राहणे, वाकणे, चालणे न्याहाळतो आणि नंतर हातांनी स्नायूंचा ताठरपणा व सांध्यांची हालचाल तपासतो.

उपचाराचे अनेक प्रकार आहेत. स्नायू मळणे व ताणणे, सांधा पुन्हा पुन्हा हळुवार हलवून मोकळा करणे, तसेच काही वेळा सांध्यास अल्प पण जलद झटका देणे, हे त्यांतील मुख्य होत. झटक्याच्या वेळी कट्‌ असा आवाज होतो, तेव्हा हाड जागेवर बसले असे रुग्णास वाटते. प्रत्यक्षात तो आवाज सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण होण्याशी संबंधित असतो. फ्रेड मिचेल या ऑस्टिओपॅथ डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या मध्यास विकसित केलेल्या पद्धतीत रुग्ण उपचारकाच्या हातावर हलकासा जोर लावतो आणि जोर सोडताच सैल झालेला स्नायू थोडा अधिक ताणला जातो. लॉरेन्स जोन्स या डॉक्टरांच्या पद्धतीत वेदना कमीत कमी होईल अशा स्थितीत शरीर सुमारे दीड मिनिट स्थिर ठेवतात व नंतर सावकाश पूर्ववत आणतात. या दोन्ही पद्धती सौम्य असल्याने वृद्धांनाही सहसा सोसतात.

मर्यादेचे भान

थोर पुरुषाचे चरित्र लिहिताना त्याच्या विचाराची मर्यादा लपविणे योग्य नव्हे. स्टिल यांना शस्त्रक्रिया मान्य होती, परंतु अंतर्गत औषधांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. संसर्गजन्य रोगांवरही हस्तोपचार पुरेसा ठरेल, अशी त्यांची धारणा होती. ती काळाच्या कसोटीवर टिकली नाही. मेकनमधील मुलगा बरा झाला, पण अनेक मुले त्या रोगातून निसर्गतःही बरी होतात. आज कोणत्याही मातेने अशा मुलाला क्षारसंजीवनी द्यावी आणि विनाविलंब डॉक्टरांकडेच न्यावे.

याहून हृदयास चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. ज्या मेनिन्जायटिसने स्टिल यांची मुले हिरावून नेली, त्याच्या जिवाणूजन्य प्रकारावर १९३० नंतर सल्फा औषधे आली, त्यानंतर पेनिसिलिन आले, आणि पुढे प्रतिबंधक लसीही मिळाल्या. ज्या औषधमार्गाकडे या दुःखी पित्याने पाठ फिरविली, त्याच मार्गाने अखेर त्या रोगावर उपाय सापडला. १८६४ ची औषधे नाकारण्यात त्यांची चूक नव्हती, परंतु उद्याचे औषध कालच्यासारखेच व्यर्थ असेल हे त्यांचे अनुमान खरे ठरले नाही. त्यांच्या अनुयायांनी हे ओळखले. कर्क्सव्हिलच्या अभ्यासक्रमात पुढे औषधशास्त्राचाही समावेश झाला.

हस्तोपचाराचे खरे क्षेत्र स्नायू व सांधे यांची दुखणी हेच होय. अमेरिकेतील फिजिशियन डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात साध्या कंबरदुखीवर प्रथम औषधाविना उपाय करावेत असे सुचविले आहे. त्यांत शेक, व्यायाम, मालीश आणि कण्यावरील हस्तोपचार यांचा समावेश आहे. मिळणारा लाभ बेताचा असतो आणि व्यायामाची जोड दिल्यास तो टिकतो, हेही लक्षात ठेवावे.

पुढील लक्षणे असल्यास मात्र हस्तोपचाराच्या आधी डॉक्टरांकडे जावे : पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, ताप, विनाकारण घटणारे वजन, पूर्वी झालेला कर्करोग, पायातील शक्ती जाणे, जांघेजवळ बधिरपणा, लघवी वा शौचावरील ताबा सुटणे. हाडे ठिसूळ झालेल्यांनी झटक्याचा उपचार टाळावा. मानेला झटका दिल्याने क्वचित मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीस इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो. म्हणून उपचारकाचे शिक्षण कोठे व किती वर्षे झाले, हे विचारण्यात संकोच करू नये.

अखेर आणि वारसा

१२ डिसेंबर १९१७ रोजी कर्क्सव्हिल येथे वयाच्या ८९ व्या वर्षी डॉ. स्टिल यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी त्यांच्या परंपरेतील जॉन मार्टिन लिटलजॉन यांनी लंडन येथे ऑस्टिओपॅथीची शाळा स्थापन केली. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने ऑस्टिओपॅथचा व्यवसाय नियमबद्ध झाला. तेथे ते मुख्यतः हातांनीच उपचार करतात. अमेरिकेत मात्र डी.ओ. पदवीधर हे पूर्ण अर्थाने डॉक्टर मानले जातात. औषधे देणे व शस्त्रक्रिया करणे हे अधिकार त्यांना १९७३ पर्यंत सर्व ५० राज्यांत मिळाले. आज अशा डॉक्टरांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. दोन खोल्यांची ती शाळा आता स्टिल यांच्याच नावाने विद्यापीठ म्हणून ओळखली जाते आणि ती मूळ लाकडी इमारत कर्क्सव्हिलच्या संग्रहालयात जतन केलेली आहे.

आपल्या मुलांच्या मृत्यूनंतर स्टिल खचून बसले असते तर कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी त्या दुःखाला अभ्यासाची वाट दिली, उपहास सोसला आणि रुग्णाच्या देहाला आदराने स्पर्श करावयास वैद्यांच्या पुढील पिढ्यांना शिकविले. यंत्रांच्या आणि चाचण्यांच्या आजच्या युगात डॉक्टरांचा हात रुग्णापर्यंत पोहोचेनासा झाला आहे, अशी खंत सर्वत्र ऐकू येते. औषध आणि हात यांचे आपापले स्थान ओळखणे, हाच या जीवनकथेचा बोध आहे. त्या करुणामय, परिश्रमी वैद्याच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.